जुनी बाटलीबंद वाइन प्यावी का? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

कपाटाच्या मागच्या कोपऱ्यात, तळघरात किंवा वारशाने आलेल्या सामानात वाइनची जुनी बाटली सापडली की दोन प्रश्न एकदमच मनात येतात: ही प्यायल्याने काही अपाय होईल का, आणि होणार नसेल तर ती चांगली लागेल का? हे प्रश्न जोडीने विचारले जात असले तरी त्यांची उत्तरे अगदी वेगळी आहेत. पहिल्याचे उत्तर बहुतेक वेळा थोडक्यात देता येते. दुसऱ्याचे उत्तर मात्र वाइन कोणती होती, ती कुठे आणि कशी ठेवली होती आणि तिचे बूच किती टिकले यांवर अवलंबून असते, त्यामुळे खालील मजकुराचा मोठा भाग त्यालाच दिला आहे.

खूप जुनी वाइन प्यायल्याने विषबाधा होऊ शकते का?

द्राक्षांपासून नीट बनवलेली आणि बाटलीत बंद राहिलेली वाइन केवळ जुनी झाल्यामुळे विषारी होत नाही. साध्या वाइनमध्ये साधारणतः ११ ते १५ टक्के अल्कोहोल असते आणि तिचा सामू (pH, म्हणजे आम्लतेचे माप) ३ ते ४ च्या दरम्यान असतो. अन्नातून विषबाधा घडवणारे जिवाणू इतक्या आम्लतेत आणि अल्कोहोलमध्ये तग धरत नाहीत; बॉट्युलिझम या गंभीर विषबाधेच्या जिवाणूला तर वाढण्यासाठी ४.६ पेक्षा जास्त सामू लागतो. जे सूक्ष्मजीव वाइनमध्ये जगू शकतात, म्हणजे ॲसिटिक आम्ल तयार करणारे जिवाणू, लॅक्टिक आम्लाचे जिवाणू किंवा ब्रेटानोमायसिस नावाचे यीस्ट, ते तिचा वास आणि चव बिघडवतात, पण पिणाऱ्याला आजारी पाडत नाहीत. लुई पाश्चरने १८६० च्या दशकात वाइनच्या ज्या ‘रोगांचा’ अभ्यास केला, ते रोग वाइनला होणारे होते, माणसाला नव्हे.

बाटलीत पडून राहिलेल्या वाइनमध्ये मिथेनॉल वाढत जाते, अशीही एक भीती व्यक्त केली जाते. ती निराधार आहे. मिथेनॉलचा अल्पसा अंश द्राक्षांच्या सालीतील पेक्टिनपासून किण्वनाच्या वेळीच तयार होतो आणि बाटली बंद झाल्यावर त्यात भर पडत नाही. इटलीमध्ये १९८६ साली मिथेनॉलयुक्त वाइनमुळे वीसहून अधिक माणसे दगावली, त्या वाइनमध्ये मिथेनॉल मुद्दाम मिसळलेले होते. त्याच्या आदल्या वर्षी ऑस्ट्रियातील वाइनमध्ये डायएथिलीन ग्लायकोल सापडले, तेही भेसळ म्हणूनच घातलेले होते. या दोन्ही घटनांचा वाइनच्या वयाशी काहीही संबंध नव्हता.

मग सुरक्षिततेच्या दृष्टीने काहीच पाहायचे नाही का?

काही गोष्टी अवश्य पाहाव्यात, आणि त्यांतली पहिली म्हणजे बाटलीच्या तोंडावरचा पत्रा. १९९० च्या दशकापर्यंत अनेक बाटल्यांच्या तोंडावर शिशाच्या पत्र्याची टोपी बसवत असत. अमेरिकेने १९९६ मध्ये तिच्यावर बंदी घातली आणि युरोपातही ती त्याच दशकात वापरातून गेली. बुचातून वाइन पाझरली असेल तर या पत्र्याचा क्षार होऊन तो काचेच्या कडेवर पांढरट थरासारखा जमतो. त्यामुळे त्या काळातील किंवा त्याआधीची बाटली उघडताना टोपी पूर्णपणे काढून टाकावी आणि लिंबाच्या रसात किंवा व्हिनेगरमध्ये भिजवलेल्या कपड्याने बाटलीचे तोंड आतून-बाहेरून पुसून घ्यावे. शिसेयुक्त स्फटिककाचेच्या सुरईत वाइन काही तासांपुरती ओतायला हरकत नाही, परंतु ती त्यात आठवडेच्या आठवडे साठवून ठेवू नये, कारण वाइनमधील आम्ल काचेतून शिसे ओढून घेते.

दुसरी गोष्ट काचेची. बाटलीच्या मानेला तडा गेला असेल किंवा उघडताना कड उडाली असेल तर ती वाइन गाळून पिण्याचा मोह टाळावा आणि सरळ फेकून द्यावी. फेसाळ वाइनच्या बाटलीत ५ ते ६ वातावरणांइतका दाब असतो आणि जुनाट बूच अनपेक्षितपणे सुटू शकते, म्हणून ती नीट थंड करून, बुचावर कपडा धरून आणि तोंड माणसांपासून दूर वळवूनच उघडावी.

वर दिलेली हमी अल्कोहोल काढून टाकलेल्या वाइनला किंवा घरी इतर फळांपासून बनवलेल्या, आम्लता न मोजलेल्या पेयाला लागू होत नाही. अशा जुन्या बाटल्यांबाबत शंका आली तर त्या ओतून देणेच योग्य. तसेच वाइनमध्ये हिस्टामिन आणि टायरामिन ही द्रव्ये असू शकतात. ज्यांना हिस्टामिन सोसत नाही आणि जे मोनोअमाइन ऑक्सिडेझ रोखणारी औषधे (नैराश्यावरील काही औषधे या प्रकारची असतात) घेतात, त्यांनी नव्या वाइनइतकीच जुन्या वाइनबाबतही काळजी घ्यावी.

‘सुरक्षित’ हा शब्द येथे केवळ जुनेपणाच्या संदर्भात वापरला आहे, हेही स्पष्ट केले पाहिजे. अल्कोहोलयुक्त पेये कर्करोगास कारणीभूत ठरतात, असे आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने १९८८ मध्येच नमूद केले आहे, आणि अल्कोहोलचे कोणतेही प्रमाण पूर्णतः निर्धोक नाही, अशी जागतिक आरोग्य संघटनेची २०२३ मधील भूमिका आहे. वाइनचे वय वाढल्याने हा धोका वाढत नाही, तसा तो कमीही होत नाही.

वाइनच्या बाटलीवर वापराची अंतिम तारीख का नसते?

युरोपीय संघाच्या नियमांनुसार १० टक्के किंवा त्याहून अधिक अल्कोहोल असलेल्या पेयांवर अशी तारीख छापण्याचे बंधन नाही, कारण ती पेये आरोग्याला घातक होण्याच्या अर्थाने खराब होत नाहीत. लेबलवरचे वर्ष द्राक्षांच्या तोडणीचे असते. त्यावरून वाइनचे वय कळते, तिची मुदत कळत नाही.

वाइन जितकी जुनी तितकी चांगली, हे खरे आहे का?

नाही. वाइनविषयीच्या समजुतींपैकी सर्वांत जास्त बाटल्या वाया घालवणारी समजूत हीच असावी. जगात बनणारी बहुतेक वाइन बाजारात आल्यापासून वर्षा-दोन वर्षांत, फार तर चार-पाच वर्षांत प्यावी याच हिशेबाने बनवलेली असते. तिचा ताज्या फळाचा गंध हेच तिचे वैभव असते आणि वेळ जातो तसा तो गंधच आधी उडून जातो. बोजोले नूव्हो नोव्हेंबरच्या तिसऱ्या गुरुवारी विक्रीस येते आणि काही महिन्यांत संपवायची असते. प्रोसेको, साधी रोझे आणि बहुतेक सोव्हिन्याँ ब्लाँ याही तरुणपणीच पिण्याच्या वाइन आहेत. खोक्यातल्या पिशवीत भरलेली वाइन तर वर्षभरातच उतरते, कारण ते प्लास्टिक काचेसारखे हवाबंद नसते.

मुरण्याची ताकद असलेल्या वाइनमध्ये टॅनिन (द्राक्षाच्या सालीतून येणारे तुरट द्रव्य), आम्लता, साखर आणि अल्कोहोल यांपैकी निदान एक-दोन गोष्टी भरपूर असाव्या लागतात, आणि मुळात फळाचा अर्कही तितकाच दाट असावा लागतो. नेब्बिओलोपासून बनणारी बारोलो, बोर्दोची उत्तम काबर्ने सोव्हिन्याँ आणि चांगली सिरा दहा-वीस वर्षे सहज काढतात. काही त्याहून कितीतरी अधिक. पांढऱ्या वाइनमध्ये रीस्लिंग आणि शेनिन ब्लाँ आपल्या आम्लतेच्या बळावर टिकतात. सोतेर्न आणि टोकाय या गोड वाइन अनेक दशके जगतात. पोर्टच्या निवडक सालांच्या बाटल्यांत सुमारे २० टक्के अल्कोहोल असते आणि त्या पन्नास वर्षांनंतरही उमद्या असू शकतात. माझ्या मते सर्वांत चिवट म्हणजे मदेरा: ती बनवतानाच उष्णता आणि हवा यांतून काढलेली असते, त्यामुळे ज्या गोष्टींनी इतर वाइन मरते त्या तिने बाटलीत शिरण्यापूर्वीच पचवलेल्या असतात. मात्र अल्कोहोल वाढवलेली प्रत्येक वाइन टिकाऊ असते, असे समजू नये. फिनो शेरी बाटलीत भरल्यावर लवकर प्यायची असते.

किंमत ही या बाबतीत फारशी भरवशाची खूण नाही. १९९० च्या दशकाच्या मध्यापासून पुढील काही सालांच्या बर्गंडीच्या अनेक महागड्या पांढऱ्या वाइन अपेक्षेच्या कितीतरी आधीच तपकिरी आणि निर्जीव झालेल्या निघाल्या होत्या.

बाटलीच्या आत इतक्या वर्षांत नेमके काय घडते?

मराठीत यासाठी नेमके शब्द आहेत: पदार्थ मुरतो, उतरतो आणि नासतो. वाइनच्या बाबतीत या तिन्ही अवस्था खऱ्याखुऱ्या आहेत आणि त्यांची सीमारेषा मुख्यतः ऑक्सिजन ठरवतो.

मुरताना लाल वाइनमधील टॅनिनचे आणि रंगद्रव्यांचे रेणू एकमेकांना जोडून मोठे होत जातात, जड होऊन तळाशी बसतात आणि त्यामुळे वाइन जिभेला कमी तुरट लागते. तिचा जांभळट लाल रंग विटकरी होतो. आम्ल आणि अल्कोहोल यांच्या संयोगातून नवे गंध तयार होतात. ताज्या फळाची जागा सुकवलेले फळ, चामडे, ओली पाने, तंबाखू किंवा जंगलातील माती यांची आठवण करून देणारे वास घेतात. मुरलेल्या रीस्लिंगला रॉकेलसारखा वास येतो आणि तो पहिल्यांदा घेणाऱ्याला बाटली खराब झाल्यासारखे वाटते, पण तो त्या द्राक्षाचाच गुण आहे.

हवा जास्त शिरली की अल्कोहोलचे ॲसिटाल्डिहाइड होते, फळाचा गंध सपाट होतो आणि वाइन उतरते. वाइनमध्ये घातलेला सल्फर डायऑक्साइड काही काळ हे रोखून धरतो, पण तो वर्षागणिक खर्ची पडतो. हवेबरोबर ॲसिटिक जिवाणूंनाही वाव मिळाला तर अल्कोहोलचे ॲसिटिक आम्ल बनते आणि वाइन व्हिनेगरच्या वाटेला लागते. लाल वाइन वयाने फिकी होते, तर पांढरी गडद होते. म्हणजे दोघी विरुद्ध दिशांनी निघून अखेरीस त्याच तपकिरी रंगाला पोहोचतात.

साठवण कशी असेल तर वाइन टिकते?

सुमारे १२ ते १३ अंश सेल्सिअसचे स्थिर तापमान, अंधार, ७० टक्क्यांच्या आसपास आर्द्रता आणि आडवी ठेवलेली बाटली, अशी आदर्श साठवण असते. यांत तापमानाला मी सर्वांत वरचे स्थान देईन, आणि त्यातही स्थिरतेला. तापमान चढले की द्रव प्रसरण पावून बूच बाहेर ढकलतो, उतरले की आकुंचन पावून बाहेरची हवा आत ओढतो. हे वर्षानुवर्षे चालले तर बूच कितीही चांगले असले तरी हार खाते. ३० अंशांच्या वर काही आठवडे गेलेल्या बाटलीला शिजवलेल्या फळासारखी चव येऊ लागते आणि ती बाटली नंतर कितीही थंड ठेवली तरी मूळ चव परत येत नाही. म्हणूनच चुलीजवळचे किंवा फ्रिजच्या वरचे फडताळ ही वाइन ठेवण्याची सर्वांत वाईट जागा होय.

बाटली आडवी ठेवण्याचे कारण एवढेच की नैसर्गिक बूच ओले राहावे. स्क्रू टोपी असेल तर उभी-आडवी कशीही ठेवता येते. प्रकाशाचे नुकसान पारदर्शक काचेच्या बाटलीत लवकर होते: वाइनमधील रायबोफ्लेविन प्रकाश शोषून घेते आणि गंधकाची संयुगे तयार होऊन उकडलेल्या कोबीसारखा वास येतो. मोठी बाटली हळू मुरते, कारण बुचातून शिरणारी हवा जवळपास तेवढीच असली तरी ती दीड लिटर वाइनमध्ये वाटली जाते.

न उघडता बाहेरून काही सांगता येते का?

अंदाज बांधता येतो. बाटली उजेडासमोर धरून मानेतील पातळी पाहावी. ती खांद्याच्या खाली उतरली असेल तर बरीच हवा आत आहे. बूच वर सरकलेले असेल किंवा मानेवरून चिकट ओघळ आलेला असेल तर उष्णता लागली आहे असे समजावे. पांढरी वाइन गडद तपकिरी दिसत असेल आणि ती मुळात गोड किंवा शेरीसारखी नसेल, तर फार आशा ठेवू नये. पत्र्याखाली बुचाच्या वरच्या टोकावर काळी बुरशी दिसल्यास मात्र घाबरण्याचे कारण नाही. दमट तळघराची ती खूण आहे आणि ती पुसून बाटली उघडता येते. फाटके, डागाळलेले लेबल आतल्या वाइनबद्दल काहीच सांगत नाही.

उघडल्यावर खराब वाइन कशी ओळखावी?

नाकाने, आणि घाई न करता. व्हिनेगरचा किंवा नखांचा रंग पुसण्याच्या द्रवाचा झणझणीत वास आला तर ती नासली आहे. कापलेल्या जुनाट सफरचंदासारखा, सपाट वास आला तर ती उतरली आहे. साध्या, न फेसाळणाऱ्या वाइनमध्ये बुडबुडे आणि गढूळपणा दिसला तर बाटलीत पुन्हा किण्वन झाले असण्याची शक्यता असते. काही तरुण वाइनमध्ये मात्र किंचित बुडबुडे मुद्दाम राखलेले असतात.

ओल्या पुठ्ठ्यासारखा कुबट वास हा वेगळाच दोष आहे आणि त्याचा वयाशी संबंध नाही. तो ट्रायक्लोरोॲनिसोल या संयुगामुळे येतो, हे हान्स टॅनर या स्विस संशोधकाने १९८१ च्या सुमारास दाखवून दिले. बुरशी बुचातील क्लोरीनयुक्त द्रव्यांपासून हे संयुग तयार करते आणि लिटरमागे काही नॅनोग्रॅम इतके अत्यल्प प्रमाणही नाकाला कळते. शरीराला त्याचा अपाय नाही, परंतु वाइनचा सारा आनंद ते हिरावून घेते आणि हवेत ठेवल्याने वास जाण्याऐवजी अधिकच जाणवू लागतो.

याउलट, जुन्या वाइनला उघडल्या उघडल्या येणारा कोंदट वास पुष्कळदा दहा-पंधरा मिनिटांत निघून जातो. त्यामुळे पहिल्या हुंगण्यावर निकाल देऊन बाटली ओतून देऊ नये. थोडी पेल्यात घ्यावी, फिरवावी आणि थांबावे. यानंतरही संशय राहिला तर एक घोट घेऊन थुंकण्यात काहीही धोका नाही.

तळाशी साका किंवा काचेसारखे खडे दिसतात. ते काय असते?

गडद साका म्हणजे टॅनिन आणि रंगद्रव्ये. चमकदार खडे म्हणजे पोटॅशियम बायटार्ट्रेट, जे द्राक्षातील टार्टारिक आम्लापासून थंडीत बनते. दोन्ही निरुपद्रवी आहेत. साका कडवट लागतो, एवढ्याच कारणासाठी तो पेल्यात येऊ देऊ नये.

फार जुनी बाटली उघडण्याची योग्य पद्धत कोणती?

बाटली निदान एक पूर्ण दिवस उभी ठेवावी, म्हणजे साका तळाशी बसतो. जुने बूच ठिसूळ असते आणि नेहमीचा मळसूत्री स्क्रू त्याच्या मधोमध भोक पाडून चुरा करतो. त्याऐवजी बुचाच्या दोन्ही बाजूंनी आत सरकणाऱ्या दोन पातळ पात्यांचे साधन वापरावे आणि बूच हळूहळू पिळत वर ओढावे. तरीही ते तुटून आत पडलेच, तर स्वच्छ मलमलीच्या कपड्यातून किंवा बारीक गाळणीतून वाइन गाळून घ्यावी. बुचाच्या कणांनी चव बिघडत नाही.

ओतताना बाटलीच्या मानेखाली दिवा धरावा आणि साक्याची पहिली रेघ मानेपाशी आली की थांबावे. तरुण, तुरट वाइनला सुरईत तासन्‌तास हवा दिल्याने फायदा होतो, पण तीस-चाळीस वर्षांच्या वाइनमध्ये उरलेला गंध अतिशय नाजूक असतो आणि तो अर्ध्या-पाऊण तासातही विरून जाऊ शकतो. म्हणून ती ओतल्याबरोबर प्यायला बसावे आणि सोबत एखादी दुसरी बाटली तयार ठेवावी, म्हणजे जुनीने निराशा केली तरी जमलेल्या माणसांचा हिरमोड होणार नाही.

शंभर-दीडशे वर्षांची वाइन कोणी खरोखर प्यायले आहे का?

होय. बाल्टिक समुद्रातील ऑलांड बेटांजवळ सुमारे ५० मीटर खोल बुडालेल्या एका जहाजाच्या अवशेषांत २०१० मध्ये शॅम्पेनच्या १६८ बाटल्या सापडल्या. त्यांचे वय सुमारे १७० वर्षे होते आणि काही बाटल्या व्हव क्लिको या घराण्याच्या होत्या. २०१५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या विश्लेषणात त्यांतील साखर लिटरला १४० ग्रॅमहून अधिक भरली. आजच्या ब्रूट, म्हणजे कमी गोड, शॅम्पेनमध्ये ती १२ ग्रॅमपेक्षा कमी असते. चाखणाऱ्यांना आधी ओल्या केसांसारखा, प्राण्यांचा वास आला, आणि पेल्यात हवा लागल्यावर धूर, मसाले आणि चामड्याचे गंध उमटले. समुद्रतळाचा अंधार आणि कायमची थंडी यांपेक्षा चांगली साठवण माणसाला मुद्दामही क्वचितच साधली असती.

त्याहून कितीतरी जुन्या, रोमन काळातील वाइन मात्र पिण्यासाठी उरलेल्या नाहीत. जर्मनीतील श्पायर येथील संग्रहालयात चौथ्या शतकातील एक सीलबंद बाटली आहे. ती १८६७ मध्ये सापडली आणि आजवर उघडलेली नाही. स्पेनमधील कार्मोना येथे २०१९ मध्ये सापडलेल्या रोमन काळातील कलशात सुमारे ५ लिटर लालसर द्रव होता आणि तो पांढरी वाइन असल्याचे २०२४ मध्ये रासायनिक विश्लेषणातून जाहीर झाले. त्या कलशात अस्थीही होत्या.

उघडलेली वाइन किती दिवस चालते?

बूच पुन्हा लावून फ्रिजमध्ये ठेवल्यास तरुण वाइन तीन ते पाच दिवस बरी राहते, पोर्टसारखी वाइन काही आठवडे आणि मदेरा काही महिने. फार जुनी बाटली मात्र त्याच बैठकीत संपवावी; दुसऱ्या दिवशी ती पिण्याने अपाय होणार नाही, पण पिण्यासारखे त्यात फारसे उरलेलेही नसेल.

उतरलेल्या वाइनचा काही उपयोग होतो का?

नुसती सपाट झालेली वाइन स्वयंपाकात, दीर्घकाळ शिजणाऱ्या रश्शात वापरता येते. पुठ्ठ्यासारखा वास येणारी वापरू नये, कारण तो वास पदार्थातही उतरू शकतो. घरी व्हिनेगर करायचे असेल तर वाइनमध्ये पाणी घालून अल्कोहोल सुमारे ७ ते ८ टक्क्यांपर्यंत आणावे, त्यात थोडे न तापवलेले जिवंत व्हिनेगर मिसळावे, रुंद तोंडाच्या काचेच्या बरणीत भरून वर कपडा बांधावा आणि बरणी उबदार, अंधाऱ्या जागी ठेवावी. काही आठवड्यांत वर जाडसर पडदा धरतो. मधूनमधून वास घ्यावा. नखांचा रंग पुसण्याच्या द्रवासारखा वास येत असेपर्यंत काम अपुरे आहे असे समजावे, आणि तो जाऊन स्वच्छ आंबट वास राहिला की गाळून, काठोकाठ भरून बाटलीत बंद करावे.